अंकीय नकाशा-साधने, भूगोल अध्यापनातील मोफत : नागपूर

भूगोल शिकवताना नकाशे पाहणे, मोजणे, तपासणे व तयार करणे यांसाठी वापरली जाणारी विनाशुल्क संगणकीय साधने आणि त्यांना लागणारी आधारसामग्री. यात उपग्रहचित्रे दाखवणारी संकेतस्थळे, भौगोलिक माहिती प्रणालीची आज्ञावली, सर्वेक्षण खात्यांचे अंकीय नकाशे आणि उंचीची प्रतिमाने यांचा समावेश होतो.

मोफत आणि मुक्त हे दोन शब्द सरमिसळ करून वापरले जातात, पण ते वेगळे ठेवलेले बरे. गूगल अर्थ मोफत आहे (त्याची पूर्वी विकली जाणारी ‘प्रो’ आवृत्ती जानेवारी २०१५ पासून विनामूल्य झाली), पण त्यातली चित्रे व आज्ञावली कंपनीची आहेत. क्यूजीआयएस ही भौगोलिक माहिती प्रणालीची आज्ञावली (आरंभ २००२, पहिली पूर्ण आवृत्ती २००९) आणि ओपनस्ट्रीटमॅप हा लोकसहभागातून बनणारा जगाचा नकाशा (२००४) ही मुक्त साधने होत. पहिल्याची आज्ञावली आणि दुसऱ्याची आधारसामग्री कोणालाही घेता येते, बदलता येते व पुढे वाटता येते. अट एवढीच, की श्रेय द्यावे आणि बदललेलेही तसेच खुले ठेवावे. इस्रोचे भुवन हे नकाशा-संकेतस्थळ (ऑगस्ट २००९) पाहण्यापुरते मोफत असून त्यातील काही स्तर उतरवून घेता येतात. शालेय पाठ्यक्रमाला धरून ‘स्कूल भुवन’ हा त्याचा एक भाग एनसीईआरटीच्या सहकार्याने तयार झाला आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ पासून विनामूल्य आहेत. यूरोपच्या सेंटिनेल-२ ची १० मी. विभेदनाची (चित्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मी.) चित्रेही तशीच मिळतात.

नागपूर या विषयाचे साहजिक केंद्र ठरते, कारण नकाशा बनवणाऱ्या बऱ्याच शासकीय संस्था येथेच आहेत. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र (१९८८), इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे मध्य विभागीय केंद्र, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो (१९७६), भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय ही त्यांतील प्रमुख. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावरील नकाशा उघडला, की दख्खन ट्रॅपची (लाव्हारसाच्या बेसाल्ट खडकांच्या थरांची) पूर्व सीमा नागपूर परिसरातच संपताना दिसते. पश्चिमेला आणि सीताबर्डीच्या टेकडीत बेसाल्ट, तर पूर्वेला कामठीकडे गोंडवन काळातले गाळाचे खडक व त्याहून जुने पट्टिताश्म (नाइस). ज्या टेकडीवर किल्ला आहे तिचा खडक आणि कामठीजवळच्या कन्हान नदीकाठचा खडक यांत कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे, हे वर्गात बसून एका क्लिकवर दाखवता येते.

झिरो माईलचा प्रश्न : नागपुरातील अध्यापनाला सर्वांत जवळचे आणि सर्वांत गैरसमज झालेले उदाहरण म्हणजे झिरो माईल. हा स्तंभ भारताचा भौगोलिक मध्यबिंदू आहे आणि देशभरातील अंतरे येथूनच मोजली जात, असे पर्यटन-पुस्तिकांत व शालेय सहलींत सर्रास सांगितले जाते. स्तंभाजवळच्या षट्कोनी शिलेवरील कोरीव मजकूर मात्र वेगळेच सांगतो. तेथे ‘जी. टी. एस.’ म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचे (भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे) प्रमाण तलचिन्ह (बेंचमार्क) असल्याचा उल्लेख, १९०७ हे वर्ष आणि समुद्रसपाटीपासूनची १०२०.१७१ फूट ही उंची आहे. तलचिन्ह उंची सांगते, अंतराचा आरंभ नव्हे. भारतातील पहिले उच्चता-जाल (एकमेकांशी जोडून उंची मोजलेल्या तलचिन्हांचे जाळे) १८५८ ते १९०९ या काळात बांधले गेले आणि नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवर ते टेकवले गेले. नागपूरचे तलचिन्ह त्याच कामातले असावे, हे वर्षावरून पटते. शेजारचा चार घोड्यांच्या पुतळ्यांचा देखावा आणि उंच स्तंभ एकाच वेळचे असावेत की नाही, याबद्दल मतभेद आहेत. घोडे नंतरचे मानणारे मत अधिक सयुक्तिक वाटते.

स्तंभावरील अंतरांची यादी (जबलपूर १७०, हैदराबाद ३१८, सिवनी ७९ मैल इ.) हा मध्यबिंदूचा पुरावा मानतात. पण मध्यप्रांतातील एका नाक्याच्या ठिकाणी अशी यादी असणे स्वाभाविकच आहे. शिवाय १९०७ मध्ये ब्रह्मदेशही ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. मग मध्यबिंदू पूर्वेला सरकायला हवा. आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यातील करौंदी गावाचे नाव घेतले जाते, तेही निर्विवाद नाही. क्यूजीआयएसमध्ये भारताच्या सीमेचा स्तर घेऊन ‘सेंट्रॉइड’ (आकृतीचा मध्यबिंदू) काढण्याची आज्ञा दिली, की वाद कुठे आहे ते उमगते. अंदमान-निकोबार धरले तर उत्तर वेगळे, वगळले तर वेगळे, आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत) बदलले तर पुन्हा वेगळे.

त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी या भागाचे नाते आणखी जुने आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा (त्रिकोणांची आधाररेषा) मोजून काम सुरू करणारा विल्यम लँबटन (त्याच्या जन्मवर्षाबद्दल एकवाक्यता नाही) नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे.

उंची आणि डेटम (मोजणीचा आधार) : फोन हातात घेऊन झिरो माईलच्या शिलेपाशी उभे राहावे. शिलेवर १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मी. काही फोनांच्या जीपीएसमध्ये मात्र अडीचशे मीटरांच्या आसपास आकडा येतो आणि विद्यार्थी फोन बिघडल्याचे ठरवून मोकळे होतात. फोन बरोबर असतो. उपग्रहांवरून काढलेली उंची डब्ल्यूजीएस-८४ या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, शिलेवरची समुद्रसपाटीपासून. भारतीय द्वीपकल्पाखाली गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने समुद्रसपाटीचे काल्पनिक पृष्ठ (जिऑइड) येथे त्या लंबगोलाच्या बरेच खाली जाते, नागपूरजवळ साधारण साठ मीटर. काही फोन ही दुरुस्ती आतल्या आत करतात, काही करत नाहीत. त्यामुळे एकाच बाकावरच्या दोघांचे आकडे जुळत नाहीत, आणि तास खऱ्या अर्थाने सुरू होतो तो इथे. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून मोजलेल्या एसआरटीएम या उंचीच्या प्रतिमानात जिऑइडची दुरुस्ती आधीच केलेली असते. त्याची उंची शिलेशी ताडून पाहता येते, मात्र १६ मी. पर्यंतची चूक त्यात गृहीतच धरलेली आहे.

आडव्या दिशेनेही असाच घोळ होतो. जुने स्थलनिर्देशक नकाशे (विद्यार्थ्यांच्या भाषेत टोपोशीट) एव्हरेस्ट लंबगोल आणि कल्याणपूर हा आरंभबिंदू धरून काढलेले आहेत. ते जसेच्या तसे उपग्रहचित्रावर ठेवले, तर रस्ते शे-दीडशे मीटर सरकलेले दिसतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण मालिका व खुली मालिका असे दोन भाग केले. खुली मालिका डब्ल्यूजीएस-८४ वर, यूटीएम प्रक्षेपणात (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडणाऱ्या) आहे, आणि १ : ५०,००० प्रमाणावरील तिचे नकाशे २०१७ पासून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळू लागले. जुन्या क्रमांकपद्धतीत नागपूर शहर ५५ ओ/४ या नकाशात येते. ५५ म्हणजे ७६° ते ८०° पूर्व व २०° ते २४° उत्तर हा चौकोन, ‘ओ’ त्यातला एक अंशाचा तुकडा आणि ४ हा त्यातला पंधरा मिनिटांचा तुकडा. हा क्रमांक पाठ करून न घेता फळ्यावर चौकोन पाडत काढून दाखवावा. नव्या मालिकेचे क्रमांक निराळे आहेत, आणि प्रात्यक्षिकांच्या वहीत मात्र अजून जुनेच भेटतात.

यूटीएमचा ४३ वा व ४४ वा पट्टा ७८° पूर्व रेखावृत्तावर वेगळे होतात, आणि ते रेखावृत्त अमरावती व वर्धा या शहरांच्या दरम्यान जाते. त्यामुळे अमरावतीच्या प्रकल्पाची, ४३ व्या पट्ट्यातली फाईल नागपुरात तशीच वापरणारा विद्यार्थी हमखास फसतो.

वर्गातील उपयोग : पाठ्यपुस्तकातील नकाशावाचन, समोच्च रेषा व भूमी उपयोग या घटकांना वरील साधने जोडता येतात, आणि संगणक कक्ष नसलेल्या शाळेतही शिक्षकाच्या एका फोनवर बरेच भागते. विशेष उल्लेख नागनदीचा करायला हवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अंबाझरीपासून पूर्वेकडे ३० मी. चौकटींच्या एसआरटीएमवर उतार व प्रवाहमार्ग काढला, की ढोबळ दिशा बरोबर येते. पण शहरातले नदीपात्र एक-दोन चौकटींतच मावते, त्यामुळे भिंती, पूल आणि पात्रातले अडथळे त्यात दिसतच नाहीत. शिवाय हे प्रतिमान २००० सालचे आहे आणि त्यात छपरे व झाडांचे माथे मिसळलेले आहेत. यावरून पूररेषा ठरवण्याचा मोह टाळावा. भराव टाकलेली जमीन कोठे होती हे शोधायला जुने टोपोशीट अधिक उपयोगी पडते.

सीमा : भारताच्या बाह्य सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे कायद्याने दंडनीय आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्यक्ष ताबा दाखवण्याची पद्धत असल्याने जम्मू-काश्मीरची बाह्यरेषा वेगळी दिसते. भित्तिपत्रक किंवा प्रदर्शनासाठी सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील सीमास्तर घ्यावा. २०२१ ची भू-अवकाशीय मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२२ चे धोरण यांनी आधारसामग्रीवरील बरीच बंधने सैल केली, सीमेबाबतचा नियम मात्र कायम आहे.

नावे : मुक्त नकाशांत मराठी नावे भरण्याची सोय स्वतंत्र रकान्यात असते. नागपुरात हे काम सोपे नाही. सीताबर्डी, सीताबुलडी आणि नुसते बर्डी ही तिन्ही रूपे चालतात. पिवळी नदी हिंदीत पीली होते आणि रोमन लिपीतून परत येते तेव्हा ‘पिली’ असते. शोधचौकटीत ‘पिवळी नदी’ लिहिणाऱ्याला ती सापडायची असेल, तर दोन्ही नावे आपापल्या रकान्यात असावी लागतात.