'शेरलॉक' आणि 'एलिमेंटरी': यातला रिमेक कोणता?

कोणताच नाही. तरीही 'एलिमेंटरी'चं नाव काढलं की "म्हणजे बीबीसीच्या शेरलॉकचा अमेरिकन रिमेक ना?" हे ऐकावं लागतंच. ती मालिका न बघण्याचं कारणही त्यातच आलेलं असतं: ब्रिटिशांनी काही चांगलं केलं की अमेरिकन चॅनेलं त्याची पाणचट नक्कल काढतात, मग कशाला वेळ घालवा? काही मालिकांच्या बाबतीत ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. 'एलिमेंटरी'ला ती लागूच होत नाही.

बीबीसीच्या मालिकेबद्दल फार सांगायची गरज नाही. २०१० ते २०१७, लेखक स्टीव्हन मोफॅट आणि मार्क गॅटिस, होम्स बेनेडिक्ट कंबरबॅच आणि वॉटसन मार्टिन फ्रीमन, दीड-दीड तासाचे १३ भाग. 'एलिमेंटरी' सीबीएस या अमेरिकन चॅनेलवर सप्टेंबर २०१२ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये संपली. रॉबर्ट डोहर्टी यांची ही मालिका, सात सीझन, १५४ भाग. होम्सच्या भूमिकेत जॉनी ली मिलर, वॉटसन म्हणजे लूसी ल्यू. लंडनऐवजी न्यूयॉर्क, जॉनऐवजी जोन. हे फरक पहिल्या पाच मिनिटांत दिसतात, त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

गल्लत होते ती पुढच्या मुद्द्यावर. रिमेक करायचा तर आधी तयार झालेली मालिका हातात लागते. तिचे हक्क विकत घेतले जातात. पात्रं, प्रसंग, कथानकाचा सांगाडा तिथूनच येतो. 'ब्रॉडचर्च'चं उदाहरण घ्या. ब्रिटनच्या आयटीव्हीवर २०१३ मध्ये आलेली ही मालिका: डॉर्सेटचा समुद्रकिनारा, एका लहान मुलाचा खून, तपास करणारा डेव्हिड टेनंट. पुढच्याच वर्षी फॉक्सने 'ग्रेसपॉइंट' आणली. किनारा कॅलिफोर्नियाचा, तपास करणारा पुन्हा टेनंटच, फक्त अमेरिकन उच्चारात. पहिल्या भागाचा दिग्दर्शकही तोच, जेम्स स्ट्राँग, आणि तो भाग जवळजवळ दृश्यागणिक मूळ भागासारखा. याला रिमेक म्हणतात. बीबीसीच्या 'लाइफ ऑन मार्स'चंही तेच झालं. आजच्या काळातून १९७३ च्या मँचेस्टरमध्ये जाऊन पडलेला सॅम टायलर एबीसीने २००८ मध्ये न्यूयॉर्कला नेला आणि शेवटी सगळं खरोखरच मंगळावर निघालेल्या यानातलं स्वप्न ठरवलं. मूळ मालिकेचा शेवट माहीत असलेल्या कुणाला हे बघून संताप आला नसेल तर नवल. 'प्राइम सस्पेक्ट' या ब्रिटिश पोलीस मालिकेचा रिमेक एनबीसीने २०११ मध्ये काढला. हेलन मिरनची जेन टेनिसन तिथे जेन टिमनी झाली आणि १३ भागांत आटोपली. तिन्ही रिमेक एका सीझनपुढे गेले नाहीत. चाहत्यांच्या मनात अढी बसली ती यांच्यामुळे, आणि ती योग्यच आहे.

'एलिमेंटरी'च्या हातात मात्र मालिका नव्हती, पुस्तकं होती. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ ते १९२७ या काळात लिहिलेल्या चार कादंबऱ्या आणि ५६ कथा, म्हणजे बीबीसीच्या लेखकांपुढे होता तोच साठा. डॉयल १९३० साली वारले. ब्रिटनमध्ये त्यांच्या लेखनावरचे हक्क २००० साल सरताना संपले, आणि अमेरिकेत शेवटच्या काही कथा सोडल्या तर बाकी सगळं केव्हाच खुलं झालं होतं. तेव्हा या दोन्ही मालिका एकाच मूळ लेखनाची दोन स्वतंत्र रूपांतरं आहेत, दोन सख्ख्या बहिणी. धाकटीचा चेहरा थोरलीसारखा दिसतो म्हणून ती थोरलीची मुलगी होत नाही.

आता साम्यांकडे या. कुठलंही साम्य दिसलं की एकच प्रश्न विचारायचा: हे डॉयलमध्ये आहे का? समोरच्याचे हात आणि बूट बघून त्याचं आयुष्य सांगणं आहे, पहिल्या कादंबरीपासून आहे. व्यसन आहे, १८९० ची 'द साइन ऑफ फोर' होम्स कोकेन टोचून घेतो तिथूनच सुरू होते. व्हायोलिन आहे, भाऊ मायक्रॉफ्ट आहे, शत्रू मॉरिआर्टी आहे. हे दोन्हीकडे दिसणारच. याउलट जे फक्त मोफॅट-गॅटिस यांचं आहे ते शोधा: पडद्यावर तरंगणारे मेसेज, 'माइंड पॅलेस' म्हणजे आठवणी साठवण्याचा मनातला राजवाडा, स्वतःला सोशिओपॅथ म्हणवून घेणारा होम्स, वाऱ्यावर उडणारा तो लांब कोट. यातलं काहीही 'एलिमेंटरी'त नाही. डॉयलचा होम्स मेंदूला माळ्याची उपमा देतो: जागा मर्यादित, म्हणून निवडून सामान ठेवावं. 'एलिमेंटरी'चा होम्स तीच माळ्याची गोष्ट सांगतो. बीबीसीने त्या जागी राजवाडा बांधला. मूळ पुस्तकाला इथे कोण जास्त चिकटून आहे ते उघड आहे.

मिल्व्हर्टनची गोष्ट तर मी प्रत्येक वादात पुढे करते. लोकांची गुपितं विकणारा हा ब्लॅकमेलर १९०४ च्या कथेत एका स्त्रीच्या गोळीने मरतो. बीबीसीने त्याचा मॅग्नसन केला आणि गोळी होम्सच्या हातून झाडली; तो भाग जानेवारी २०१४ चा. 'एलिमेंटरी'ने मिल्व्हर्टन २०१३ मध्येच घेतला होता, आणि तिथे ते प्रकरण होम्सकडे व्यसनमुक्तीच्या बैठकीतल्या त्याच्या मित्राकरवी येतं. नक्कल म्हणायचीच असेल तर तारखा उलट्या पडतात. किटी विंटर हे डॉयलच्या १९२४ च्या कथेतलं पात्र बीबीसीने वापरलंच नाही. 'एलिमेंटरी'ने तिसऱ्या सीझनचा मोठा भाग तिच्यावर उभा केला. रिमेक करणाऱ्याला ती सापडली असती कुठून?

"आधुनिक काळातला होम्स ही कल्पना तर बीबीसीची ना?" तीही नाही. युनिव्हर्सल या अमेरिकन स्टुडिओने १९४२ पासून बॅसिल रॅथबोनच्या होम्सला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणून नाझी हेरांच्या मागे लावलं होतं. त्या चित्रपटांपासून प्रेरणा घेतल्याचं मोफॅट आणि गॅटिस स्वतः सांगतात. वॉटसन स्त्री असणंही नवं नाही. १९७१ च्या एका अमेरिकन चित्रपटात जोअॅन वुडवर्ड डॉ. मिल्ड्रेड वॉटसन होती, तीही न्यूयॉर्कमध्येच. शिवाय बीबीसीच्या 'शेरलॉक'च्या निर्मितीत बॉस्टनचं सार्वजनिक चॅनेल डब्ल्यूजीबीएच सहभागी होतं. अमेरिकन हात लागला की बिघडतं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

संशयाला एक जागा मात्र खरी आहे. सीबीएसने आधी बीबीसीच्या मालिकेचाच रिमेक करायची विचारणा केली होती, आणि 'शेरलॉक'च्या स्यू व्हर्ट्यू या निर्मातीने २०१२ च्या सुरुवातीला ते जाहीरपणे सांगितलं, चिंताही बोलून दाखवली. तिची चिंता रास्त होती. नकार मिळाल्यावर तोच माल दुसऱ्या वेष्टनात आणतील, असं कुणालाही वाटलं असतं. पण मालिका येण्याआधीच्या चिंतेवर १५४ भाग येऊन गेल्यानंतरही अडून बसणं मला पटत नाही. आज पुरावा समोर आहे, तो बघावा. आणखी एक: मिलर आणि कंबरबॅच यांनी २०११ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' केलं, शास्त्रज्ञ आणि राक्षस या भूमिका आलटून पालटून. दोघांना मिळून रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कारही मिळाला. या दोन नटांना एकमेकांची नक्कल करायची गरज नव्हती.

मला स्वतःला 'एलिमेंटरी' जास्त आवडते, आणि कारण वॉटसन. फ्रीमन उत्तम नट आहे, पण त्याच्या जॉनला शेवटपर्यंत थक्क होण्याचं आणि चिडण्याचंच काम दिलंय. जोन सर्जन होती, एक रुग्ण दगावल्यावर ते सोडून व्यसनातून बाहेर येणाऱ्यांना सोबत करायचं काम घेते, तशीच होम्सकडे येते, आणि मग स्वतः गुप्तहेर होते. पहिल्या सीझनच्या शेवटी मॉरिआर्टीचं मर्म होम्सआधी तिला कळतं. स्त्री वॉटसन म्हणजे होम्सशी प्रेमप्रकरण ठरलेलं, ही सगळ्यात मोठी भीती होती. सात सीझनमध्ये ते एकदाही घडलं नाही. उलट बीबीसीने आयरिन ॲडलरचं जे केलं ते मला आजही खटकतं. १८९१ च्या कथेत होम्सला हरवणारी ही बाई बीबीसीच्या भागात त्याच्यावरच्या प्रेमामुळे हरते आणि शेवटी तोच तिचा जीव वाचवतो.

'एलिमेंटरी' निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पहिल्या पाच सीझनमध्ये २४-२४ भाग भरायचे म्हणून कितीतरी प्रकरणं बेताची आहेत, आणि पाहुणा कलाकार ओळखीचा दिसला की खुनी कोण ते बरेचदा कळतं. बीबीसीचे पहिले सहा भाग रचनेत त्याहून सरस आहेत. नंतर मात्र तिथे रहस्य मागे पडलं आणि होम्सच्या घरचीच भानगड पुढे आली.

बघायची असेल तर पहिला सीझन सलग बघा. बाराव्या भागापर्यंत, जिथे मॉरिआर्टीचा मारेकरी सेबॅस्टियन मोरान येतो तिथपर्यंत, थांबू नका. सीझनच्या शेवटच्या दृश्यात होम्स गच्चीवरच्या पोळ्यात जन्मलेल्या मधमाशीच्या नव्या जातीला वॉटसनचं नाव देतो. डॉयलचा होम्सही निवृत्तीनंतर ससेक्समध्ये मधमाश्या पाळतो. बीबीसीच्या १३ भागांत असं दृश्य नाही.