वडील, मंडळीचे
ख्रिस्ती मंडळीने (स्थानिक उपासक समुदायाने) पारखून निवडलेली आणि पाळकाबरोबर (धर्मगुरूबरोबर) तिची आध्यात्मिक देखरेख करणारी ज्येष्ठ व्यक्ती. प्रॉटेस्टंट, त्यातही प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशपाऐवजी वडिलांच्या सभेने कारभार चालवणाऱ्या, घडणीच्या मंडळ्यांत या पदाला विशेष मान आहे.

पदाच्या उगमाबद्दल एकमत नाही. इस्राएलांचा पुढारी मोशे याच्या मदतीला नेमलेले ७० वडील (बायबल, गणना ११) आणि पुढे यहुदी सभास्थानांतील वडीलवर्ग यांचा वारसा मंडळीकडे आला, हे मत जुने आहे. पहिल्या मंडळ्या घरांतून भरत, तेव्हा त्या घरांचे कर्तेच पुढे वडील झाले असावेत, असे काही अलीकडचे अभ्यासक मानतात. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये ११:३० मध्ये वडिलांचा उल्लेख काहीही खुलासा न करता येतो. म्हणजे वाचकांना हे पद आधीच परिचित होते. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

वडील आणि अध्यक्ष (बिशप) ही पदे मुळात एकच होती का, हा दुसरा वाद. कृत्ये २० आणि तीताला पत्र १:५-७ येथे दोन्ही नावे त्याच माणसांना लावलेली दिसतात. प्राचीन बायबलपंडित जेरोमने हेच प्रतिपादन केले होते. इंग्रज बायबल अभ्यासक लाइटफुटने १८६८ मध्ये ते नव्याने मांडले. अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याच्या पत्रांत मात्र एक बिशप आणि त्याच्याभोवती वडील अशी वेगळी रचना आढळते. ही पत्रे बहुधा दुसऱ्या शतकाच्या आरंभीची असावीत. काही जण ती नंतरची मानतात. शिकवणारे वडील आणि कारभार पाहणारे वडील हा भेद सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेत रुजला. त्याच्या जिनीव्हा शहरातील मंडळीच्या १५४१ च्या नियमांत पाळक, शिक्षक, वडील व सेवक अशी चार पदे आहेत.

वडिलांची पात्रता नव्या करारातील तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत दिली आहे. त्यात शिकवण्याची हातोटी सोडली, तर बाकी सारे शीलच आहे : भांडखोर नसणे, द्रव्यलोभ नसणे, पाहुण्यांना घर उघडे असणे, स्वतःचे घर नीट चालवणे. चांगला कारभार करणारे वडील दुप्पट सन्मानाला पात्र आहेत, असे १ तीमथ्य ५:१७ सांगते. हा सन्मान आदराचा की मानधनाचा, याबद्दल भाष्यकारांत मतभेद आहेत. पुढच्याच वचनात मजुरीचा उल्लेख असल्याने दोन्ही अभिप्रेत असावेत. त्यापुढचे वचन वडिलांच्या सन्मानाच्या चर्चेत सहसा वगळले जाते : दोघातिघा साक्षीदारांवाचून वडिलांवरील आरोप ऐकून घेऊ नये. वडिलांचे नाव कुजबुजीपासून जपणे हाही त्यांचा सन्मानच होय, आणि तो सत्कारसमारंभापेक्षा मोठा आहे.

मराठी मुलखात हे पद उशिरा आले; ठाण्याचे उदाहरण पाहता येईल. ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन (कॅथलिक संघाचे) धर्मोपदेशक मारले गेले, तेव्हा तेथे काही नेस्टोरियन (पूर्वेकडील एका प्राचीन ख्रिस्ती पंथाची) कुटुंबे राहत होती. पुढे पोर्तुगीज अमदानीत कॅथलिक धर्मग्राम उभे राहिले. १८२५ मध्ये बिशप हिबर यांनी येथील अँग्लिकन चर्चचे समर्पण केले. या साऱ्या परंपरा बिशपप्रधान होत्या. वडीलपदाची चाल मराठी मुलखात स्कॉटिश मिशनसारख्या प्रेस्बिटेरियन मिशनांमुळे आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन हे दोन्ही प्रवाह एका छत्राखाली आले. तेथे बिशप, प्रेस्बिटर (पाळक) व डीकन (सेवक) हे दीक्षित सेवेचे तीन दर्जे आहेत. स्थानिक कारभारात निवडून आलेले सभासद पाळकाला साथ देतात.

नगर, मराठवाडा भागांतून नोकरीनिमित्त ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ येथे आलेल्या कुटुंबांना मंडळीत सामावून घेण्याचे काम बरेचसे वडिलांकडेच येते. नव्या कुटुंबाने आधीच्या मंडळीचे पत्र आणले, की ते वाचून त्यांच्या घरी प्रार्थनेला जाणे. उपासनेनंतर दानाची थैली दोघांसमक्ष मोजून वहीत रक्कम लिहिणे व दोघांनी सही करणे. आजाऱ्याकडे जाऊन याकोब ५:१४ प्रमाणे तेल लावून प्रार्थना करणे. नवराबायकोचा बेबनाव चारचौघांत न नेता मिटवणे, ही त्यांची नित्याची सेवा. ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीतील पाळीची नोकरी किंवा लोकलचा रोजचा प्रवास सांभाळून ती केली जाते. सत्कार शाल व पुष्पगुच्छ देऊन होतो, बहुधा मंडळीच्या वर्धापनदिनी किंवा वडील पदावरून उतरताना. सेवा चालू असतानाच तो करण्याची रीत अधिक उचित आहे. वडिलांच्या पत्नीलाही सोबत बोलावतात. घरी येणाऱ्याजाणाऱ्यांचे आदरातिथ्य तिनेच केलेले असते.