चिरीमिरी म्हणजे वंगण? नाही, गरिबाच्या ताटातला घास

‘चार पैसे सरकवले की काम पटकन होतं, कोणाचं काय बिघडतं?’ दादरच्या फलाटापासून चाळीच्या जिन्यापर्यंत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. ते चूक आहे.

कॉफमन आणि वेई या अर्थतज्ज्ञांनी १९९९ साली अनेक देशांतल्या कंपन्यांची माहिती तपासली. जास्त लाच देणाऱ्यांचा अधिकाऱ्यांपुढे वेळ कमी नाही, उलट जास्तच जात होता. साहजिक आहे, पैसे मिळतात म्हटल्यावर फाइल अडवून ठेवण्यातच फायदा.

आणि बिघडतं ते गरिबाचंच. दाखल्यासाठी मागितलेले पाचशे रुपये बंगलेवाल्याला जाणवत नाहीत, धुणीभांडी करणाऱ्या मावशींची मात्र दिवसाची कमाई जाते.

युगांडाचं उदाहरण मला फार अस्वस्थ करतं. १९९१ ते १९९५ दरम्यान प्राथमिक शाळांच्या खर्चासाठी सरकारने दिलेल्या अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के शाळांपर्यंत पोचले. बाकीचे मुख्यतः स्थानिक अधिकारी आणि पुढाऱ्यांनी मधेच वळवले. त्यातही गरीब वस्तीतल्या शाळांना कमी मिळालं. पुढे कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सुटले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात झाली. पालक विचारू लागले. २००१ पर्यंत ८० टक्क्यांहून जास्त पैसा शाळेत पोचू लागला.