आन सान (तिरंदाज)

आन सान ही दक्षिण कोरियाची रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याची) तिरंदाज, जन्म २७ फेब्रुवारी २००१, ग्वांगजू. १९७२ ला तिरंदाजी ऑलिंपिकमधे परत आली, तेव्हापासून एकाच ऑलिंपिकमधे तीन गोल्ड घेणारी ती पहिली, तेही विसाव्या वर्षी.

टोकियोत (२०२१) सुरुवात झाली रँकिंग राउंडने. ७० मीटरवरून ७२ बाण मारायचे, पैकीच्या पैकी म्हणजे ७२०, आणि हिने मारले ६८०. १९९६ पासूनचा ६७३ चा ऑलिंपिक रेकॉर्ड तिथेच मोडला. कोरियाने ठरवलंच होतं की रँकिंगमधे जो पुढे तोच मिक्स्ड टीममधे (एक बाई, एक पुरुष) खेळणार, म्हणून आन सान आणि १७ वर्षांचा किम जे-दोक अशी जोडी लागली. क्वार्टरफायनलला समोर होते दीपिका कुमारी आणि आपल्या साताऱ्याच्या सरडे गावचा प्रवीण जाधव, आपण ६-२ ने हरलो. मग मेक्सिकोविरुद्ध सेमीफायनलमधे किमचा बाण दहात रुतलेला असताना आन सानचा बाण थेट त्याच्यातच घुसला. दहाचं वर्तुळ जेमतेम १२ सेंटीमीटरचं, बाणाची जाडी तर पेन्सिलीहून कमी, त्यामुळे ते बघून आजही थक्क व्हायला होतं. ते गोल्ड त्यांनी नेदरलँड्सला हरवून घेतलं, दुसऱ्या दिवशी महिला टीमचं आलं, कोरियाचं सलग नववं.

वैयक्तिकमधे दीपिका परत समोर आली आणि पहिल्याच सेटमधे (तीन बाणांचा, जिंकला की दोन पॉइंट) आन सानने ३० पैकी ३० मारले, मॅच ६-० गेली. सेमीफायनल शूट-ऑफवर (बरोबरी झाली की दोघींचा एकेक बाण), फायनलही शूट-ऑफवर. एकच बाण, समोर रशियाची येलेना ओसिपोवा, स्क्रीनवर दोघींचे हार्टबीट दिसत होते, ओसिपोवाचे १६७ आणि हिचे ११८. हिने दहा मारला, तिकडून आठ आला.

त्याच दिवसांत कोरियात काही लोक तिच्या आखूड केसांवरून ऑनलाइन वाट्टेल ते लिहीत होते, जे अतिशय वाईट होतं, पण कोरियातल्या कितीतरी बायकांनी स्वतःच्या आखूड केसांचे फोटो टाकून तिची बाजू घेतली.

कोरियाच्या सिलेक्शनला जुनं मेडल चालत नाही, दरवेळी सगळ्यांबरोबर परत बाण मारूनच टीममधे यावं लागतं. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्सला ती होती, टीमचं गोल्ड मिळालं, वैयक्तिक फायनल मात्र स्वतःच्याच टीममधल्या लिम सि-ह्योनकडून हरली. पॅरिस २०२४ च्या तीन जणींत तर ती आलीच नाही. तिथे लिमने रँकिंगला ६९४ मारून तिचा ६८० चा रेकॉर्ड मोडला आणि गोल्डही हिच्याइतकीच तीन घेतली.