कूलंट बदलणं आणि फ्लशिंग: छोट्या ट्रॅक्टरची दोन वेगळी कामं

द्राक्षं उतरली की जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातले बागेतले छोटे ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला लागतात. बिलावर एकच ओळ येते: ‘कूलंट बदलला’. कूलंट म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधून फिरून इंजिन थंड ठेवणारा द्रव. त्या ओळीमागे दोनपैकी कोणतंही काम असू शकतं. एकात रेडिएटरची तोटी उघडून जुना कूलंट सोडायचा आणि नवा भरायचा. दुसऱ्यात जुना सोडल्यावर आतून पाणी फिरवून गंज, गाळ आणि क्षार धुवायचे, मगच नवा भरायचा. पहिलं तासाभरात उरकतं, दुसऱ्यात अर्धा दिवस सहज जातो. म्हणून कोणतं केलं हे मिस्त्रीला विचारलेलं बरं.

नुसतं काढून भरण्यात एक गोष्ट लक्षात येत नाही. तोटी असते रेडिएटरच्या तळाशी आणि इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, बंद असतो. त्यामुळे ब्लॉकमधला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडातला, बराचसा कूलंट जागेवरच राहतो. बऱ्याच इंजिनांच्या ब्लॉकला बाजूला वेगळा ड्रेन नट असतो, पण तो गंजून बसलेला असला की सहसा कुणी त्याच्या वाटेला जात नाही. समजा, सिस्टीममध्ये पाच लीटर मावतो आणि तोटीतून तीनच निघाला. म्हणजे नवा भरल्यावरही दोन लीटर जुनाच फिरतोय. जुना कूलंट स्वच्छ असेल आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत वेळेवर बदलत असाल, तर याने फार बिघडत नाही. पूर्वी भरला होता त्याच जातीचा कूलंट भरा, एवढंच.

फ्लशिंगमध्ये खरी मेख थर्मोस्टॅटची आहे. जुना सोडून पाणी भरलं, दोन मिनिटं इंजिन चालवलं आणि सोडून दिलं, तर रेडिएटर धुतला गेला, इंजिन नाही. थर्मोस्टॅट साधारण ७१ ते ८२ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. त्यामुळे काटा नेहमीच्या जागी येऊन वरचा होज पाइप चांगला गरम लागेपर्यंत इंजिन चालवावं लागतं. त्यानंतर दहा-एक मिनिटं पाणी फिरू द्यायचं, बंद करायचं आणि पूर्ण थंड होऊ द्यायचं. अर्धा दिवस जातो तो या थंड होण्यात. घाई करून गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणासारख्या भागाला, चीर जाऊ शकते, आणि गरम झाकण उघडलं तर वाफ तोंडावर येते. तोटीतून पाणी नितळ येईपर्यंत हेच पुन्हा करायचं. काही जण या कटकटीला कंटाळून थर्मोस्टॅटच काढून ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. इंजिन मग नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं आणि झिजही वाढते.

फ्लशिंगनंतरची चूक तर अगदी सर्रास होते. आधी जो दोन लीटर जुना कूलंट आत राहत होता, त्याच्या जागी आता दोन लीटर पाणी आहे. त्यावर तीन लीटर तयार मिश्रण, म्हणजे निम्मा कूलंट आणि निम्मं पाणी असलेलं, ओतलं की पाच लीटरमध्ये कूलंट उरतो दीड लीटर. निम्म्याऐवजी तीस टक्के. म्हणून फ्लशिंग केलं असेल तर पाणी न मिसळलेला कूलंट घ्या. एकूण क्षमतेच्या निम्मा, इथे अडीच लीटर, आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. नुसतं काढून भरताना मात्र तयार मिश्रणच सोयीचं.

‘इथे कुठे बर्फ पडतो? साधं पाणी चालतं की!’ हे वाक्य पुणे जिल्ह्यात कुठेही ऐकू येईल. पुण्यात नोंदलेलं नीचांकी तापमान १.७ अंश, तेही १७ जानेवारी १९३५ चं. गोठण्याची भीती नाही हे मान्य. पण पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. निम्मा कूलंट असलेलं मिश्रण झाकणाचा दाब धरून सव्वाशेच्या आसपास तग धरतं. मे महिन्यात मशागतीचा रोटर लावला की हा फरक कळतो. शिवाय गंज रोखण्याचं काम पाणी करत नाही. बोअरचं पाणी तर उलट क्षार सोडतं आणि किटलीच्या तळाला बसतो तसा पांढरा थर आत धरतो. बारामती-इंदापूरकडे पाणी जड आहे, तिथे फ्लशिंगलाही शेवटचं पाणी डिस्टिल्डच फिरवा.

मग कधी काय करायचं? थोडा कूलंट पांढऱ्या बरणीत काढून बघा. स्वच्छ असेल तर नुसता बदला. विटकरी झाला असेल, गाळ बसत असेल, पूर्वी साधं पाणी वापरलं असेल किंवा आत कोणत्या जातीचा आहे हेच माहीत नसेल, तर फ्लशिंग करा. रंगावर भरवसा ठेवू नका, हिरवा-लाल हा रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. तेलाचा तवंग किंवा दुधाळपणा दिसला तर दोन्ही कामं थांबवा. तिथे हेड गास्केट किंवा ऑइल कूलर तपासायला हवा.

ट्रॅक्टर हीट होतोय म्हणून थेट फ्लशिंगला धावण्याआधी रेडिएटरची जाळी बाहेरून बघा. पाला, भुसा आणि फवारणीवर बसलेली धूळ यांनी ती बुजलेली असेल, तर आतून कितीही धुऊन फरक पडणार नाही. हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूने बाहेर, बेताच्या दाबाने. नाहीतर जाळीच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, वाकतात.

दोन्ही कामांत कूलंट सावकाश भरा, हवा अडकू देऊ नका, आणि एकदा तापवून थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. नुसतं बदलताना तीन-चार लीटरच निघतो, एका कॅनमध्ये मावतो. फ्लशिंगमध्ये बादल्या भरतात, आणि निदान पहिल्या पाण्यात तरी कूलंट असतोच. तो विषारी आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री चाटतात. बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारा, पण ऑइलच्या कॅनमध्ये मिसळू नका.