क्लोन कपाटात आहे म्हणजे बॅकअप झाला असं नाही

जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसवून घेतलेल्या प्रत्येकाने क्लोनिंग पाहिलेलं असतं. जुनी डिस्क आणि नवी डिस्क शेजारी जोडायची, प्रोग्रॅम चालू करायचा; काही वेळाने विंडोज, हिशेबाचं टॅली, प्रिंटरची सेटिंग, सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर. नवी डिस्क बसवली की मशीन सुरू. यावर जास्त लिहायची गरज नाही.

लिहायचंय ते त्यानंतरच्या वाक्याबद्दल. ‘दर शनिवारी क्लोन काढतो, बॅकअपची काळजी नाही.’ सोलापुरात नवी पेठेतली दुकानं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने, करसल्लागारांची ऑफिसं, सगळीकडे हेच ऐकू येतं आणि दरवेळी पोटात गोळा येतो.

समजा, मंगळवारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी दमलेली, आणि टॅलीतल्या कंपनीचा डेटा बिघडला. किंवा कुणाच्या हातून गेल्या वर्षाचा फोल्डर पुसला गेला. त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. शनिवारी नेहमीप्रमाणे क्लोन निघाला. २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, भरायला बसल्यावर गडबड कळली. आता कपाटातल्या डिस्कवर काय आहे? तोच बिघडलेला डेटा. कारण नवा क्लोन जुन्या क्लोनला पुसूनच बसतो. चांगला डेटा जिथे शिल्लक होता ती एकमेव जागा शनिवारी गेली. आणि क्लोन जितक्या नेमाने काढाल, तितका बिघाड त्यात लवकर शिरतो. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला तरी हेच: कुलूपबंद फाइलींचा बिनचूक क्लोन हातात येतो.

यावर उपाय म्हणजे डिस्कची इमेज काढणं. इमेजमध्येही अख्खी डिस्क असते, पण ती दुसरी डिस्क बनत नाही. दाबून लहान केलेल्या फाइलीत राहते. म्हणून एकाच बाहेरच्या डिस्कवर पहिल्या तारखेची, गेल्या सोमवारची, कालची, अशा अनेक इमेज मावतात. पहिल्यांदा पूर्ण, नंतर फक्त बदललेला भाग घ्यायचा, म्हणजे जागा आणखी वाचते. वरच्या उदाहरणात सोमवारची इमेज ड्राइव्हसारखी उघडायची आणि टॅलीचा तेवढा फोल्डर बाहेर काढायचा. बाकी मशीनला हात लावावा लागत नाही. बुधवारपासूनची बाकीची कामंही जागच्या जागी राहतात. क्लोन आणि इमेज यांतला खरा फरक हा आहे. वेग, वेळ यांवर लोक तासभर वाद घालतात, त्याने काही बिघडत नाही.

उलट्या बाजूचा घोळही होतो. इमेजची फाइल कोऱ्या डिस्कवर नुसती कॉपी करून मशीन सुरू होत नाही. जेकार्ड मागाची, डिझाइन ठरवणारी पुठ्ठ्याची कार्डं जपली तर चादरीचं डिझाइन पुन्हा विणता येतं, पण माग लागतोच. इथला माग म्हणजे रेस्क्यू पेनड्राइव्ह: त्यावरून मशीन सुरू करायचं आणि इमेज नव्या डिस्कवर उतरवायची. तो इमेज काढणाऱ्या प्रोग्रॅममधूनच, मशीन धड असतानाच बनवायचा. डिस्क मेल्यावर धावपळ करणारे पाहिले की राग येतो, कारण पेनड्राइव्ह बनवणं थोड्या वेळाचं काम आहे.

क्लोनची जागा मला मान्य आहे. डिस्क बदलताना क्लोनच करा. काउंटरचं बिलिंग थांबवून चालत नाही तिथे तयार क्लोन कपाटात ठेवाच. डिस्क गेली की तो बसवून धंदा लगेच चालू होतो. फक्त त्याच्या जोडीला इमेज हव्यात. आणि क्लोन झाल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू करण्याआधी जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची ओळख एकच असल्याने विंडोज त्यांतली एक ऑफलाइन, म्हणजे बंद, करून टाकतं आणि लोकांना वाटतं डिस्कच खराब निघाली.

प्रोग्रॅमबद्दल. क्लोनझिला फुकट आहे, क्लोन आणि इमेज दोन्ही काढतो आणि डिस्क बदलण्यासाठी मला तोच आवडतो. पण रोजच्या इमेजसाठी तो घेऊ नका: फक्त बदललेला भाग घेणं त्याला जमत नाही, इमेजमधून एखादी फाइल सहज काढताही येत नाही. त्यासाठी वीम एजंटची फुकट आवृत्ती बरी. मॅक्रियम रिफ्लेक्टची जुनी फुकट आवृत्ती अजून कुणाकडे चालू असेल तर बदला. तिचे सुरक्षा अपडेट २०२४ च्या सुरुवातीपासून बंद आहेत.

इमेजची डिस्क कायम यूएसबीला लावून ठेवू नका. व्हायरस तीही सोडत नाही. इमेज निघाली की डिस्क काढा आणि शक्यतो दुकानात न ठेवता घरी न्या. आणि पहिली इमेज झाली की त्याच आठवड्यात रेस्क्यू पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून पाहा. त्याला बाहेरची डिस्क दिसते का, तिच्यावरच्या इमेजच्या तारखा दिसतात का, हे डोळ्यांनी बघा. एखादी फाइल काढून ती टॅलीत उघडते का, तेही बघा.