बोल्ट-ऑन टर्बो किट आणि कधीच न संपणारं ट्यूनिंग: हे आलं कुठून

बोल्ट-ऑन टर्बो किट म्हणजे कंपनीने टर्बो न दिलेल्या गाडीला बाहेरून बसवायचा टर्बो, आणि टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा; याहून खोलात इथे जात नाही. पेटंट १९०५ चं, एका स्विस इंजिनिअरचं. पेट्रोल कारमध्ये तो अमेरिकेत १९६२ ला आला, आणि त्यातल्या एका गाडीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.२५ असताना वर ५ पौंड बूस्ट (टर्बोने हवेवर चढवलेला दाब, पौंड दर चौरस इंच), म्हणून नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) आवरायला कंपनीनेच पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी बसवून दिली होती. लोक ती भरायलाच विसरायचे. थोडक्यात हवा कोंबणं सोपं, पुढचं निस्तरणं अवघड, हे तेव्हाच कळलेलं होतं.

आपल्याकडे खरी सुरुवात २००० नंतरची. युरो प्रदूषण नियम आले, कार्ब्युरेटर गेले, एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन) आलं आणि एस्टीम, बलेनो, सिटी व्हीटेक, पालिओ १.६ या गाड्यांवर पोरांचा डोळा गेला. ठाणे-नवी मुंबईला त्यात एक सोय होती, वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथे लेथवाले आणि टिग वेल्डिंगवाले हाताशी, त्यामुळे मॅनिफोल्ड, फ्लँज, डाउनपाइप असे टर्बो जोडायचे भाग इथेच बनवून घेता यायचे. आख्खं किट बाहेरून मागवलं तर कस्टम ड्युटीच जीव काढायची, मग अर्ध किट इंपोर्टेड आणि टर्बो कुर्ल्याच्या भंगारातला, तोही बऱ्याचदा डिझेलचा. आता डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ८०० डिग्रीच्या आसपास राहतो, पेट्रोलचा फुल लोडला ९५० च्या वर जातो, तर त्या टर्बाइनचं आणि हाउसिंगचं काय होणार. पण दोष मात्र "किट खराब" असा लागायचा. ऑइल रिटर्नचा पाइप बारीक किंवा वर चढवलेला, म्हणून सीलमधून तेल आणि मागून निळा धूर, हा दुसरा नेहमीचा पेशंट.

पण माझ्या मते त्या काळातल्या निम्म्या कटकटींचं मूळ एका निर्णयात आहे, ओरिजिनल ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठेवायचा की काढायचा. यावरून तेव्हा जेवढी भांडणं झाली तेवढी टर्बोच्या साइजवरूनही झाली नसतील.

ठेवणाऱ्यांचं म्हणणं असं की गाडी रोजच्या वापराची आहे, एसी, आयडल, सकाळचं स्टार्टिंग सगळं कंपनीचंच राहू दे. मग बूस्टला लागणारं जादा पेट्रोल आणायचं कुठून? फ्युएल प्रेशर वाढवून. रिटर्न लाइनवर रायझिंग रेट रेग्युलेटर लावायचा, एक पौंड बूस्टमागे १२ पौंड प्रेशर चढवणारा. ऐकायला भारी वाटतं, पण प्रेशर दुप्पट केलं तरी इंजेक्टरमधून पेट्रोल साधारण ४० टक्केच जास्त येतं, आणि ५ पौंड बूस्टला लाइनमध्ये शंभरेक पौंड झाले की मूळ पंप दम सोडतो. म्हणजे वर जाऊन गाडी लीन (पेट्रोल कमी), नेमकी जिथे रिच (पेट्रोल जास्त) हवी तिथे. सोबत पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडून लावायचा) बॉक्स, जो मॅप सेन्सरचा (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) सिग्नल अडवून ईसीयूला खोटं सांगतो. मूळ सेन्सर १ बारच्या पलीकडे वाचतच नाही, म्हणून सिग्नल त्याच्या वर जाऊ न देता क्लॅम्प करायचा, नाहीतर चेक इंजिन लाइट. त्यात ईसीयू काही बावळट नाही, क्रूझिंगला ऑक्सिजन सेन्सर बघून तो ट्रिम (पेट्रोलची कमी-जास्त दुरुस्ती) शिकत राहतो, त्यामुळे आज बरोबर बसवलेलं सेटिंग काही आठवड्यांनी सरकलेलं, आणि गाडी परत गॅरेजला. याला ट्यूनिंग म्हणायचं की रोज नवी थाप मारणं, ज्याचं त्याने ठरवावं.

शिवाय बघायचं कशावर? डॅशवर रंगीत दिवे नाचवणारं नॅरोबँड गेज, जे एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणाच्या आजूबाजूलाच काय ते खरं बोलतं. बूस्टमध्ये हवं असतं ११.५ ते १२, तिथे ते नुसतं "रिच" म्हणून गप्प. हे प्रमाण लांबपर्यंत नीट मोजणारं वाइडबँड गेज आवाक्यात आलं तेव्हा कुठे लोकांना आपण काय जाळत होतो ते कळलं. आणि पेट्रोल तरी कसलं, २००५ आधी साधं ८८ ऑक्टेन (आकडा जास्त तर नॉकिंग कमी), नंतर ९१.

मूळ काढून स्टँडअलोन ईसीयू बसवणारे खर्चात गेले हे खरं. मोठे इंजेक्टर, ३ बारचा मॅप सेन्सर, लॅपटॉप घेऊन बाजूला बसणारा माणूस, आणि सुरुवातीला आयडल धड नाही, एसी लावला की गाडी बंद, हे सगळं त्यांनी भोगलं. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती, इनटेक टेंपरेचरनुसार टाइमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणं. पहाटे पाम बीच रोडवर गार हवेत मॅप (सेन्सर नव्हे, पेट्रोल-टाइमिंगचा तक्ता) बसवायचा आणि तीच गाडी मे महिन्याच्या दुपारी घोडबंदरला, गायमुखच्या जाममध्ये उभी, इंटरकूलर (बूस्टची हवा गार करणारा) तापून तवा. जाम सुटल्यावर पाय दाबला की स्वस्तातल्या पिगीबॅकला यातलं काहीच माहीत नसायचं, थेट नॉकिंग, आणि हेड गास्केट किंवा पिस्टनची रिंग लँड गेली. प्लगचा गॅप ०.७ ला आणणं, बूस्ट लीकसाठी पाइपात हवा भरून साबणाचं पाणी मारणं, हे दोघांनाही सारखंच होतं, त्यात वाद नव्हता.

पुढचं भराभर. कॉमन रेल डिझेल आलं, २००७ ला स्विफ्टमध्ये १.३, टर्बो आधीच लावलेला, मग किट कशाला, ईसीयूतला मॅप बदला, म्हणजे रीमॅप करा. २०१३ ला टर्बो लावूनच पोलो जीटी टीएसआय आली आणि पेट्रोलवाल्यांचंही तेच झालं. २०१९ च्या जानेवारीत देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात गाडी बदलता येणार नाही, त्याच वर्षी कायद्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम आलं. एमएच-०४ आणि एमएच-४३ च्या बऱ्याच किटवाल्या गाड्या त्यानंतर परत स्टॉक (कंपनीसारख्या) झाल्या किंवा बिल्डिंगखाली कव्हरमध्ये गेल्या. २०२० ला बीएस-६ चे आणखी कडक प्रदूषण नियम.

जे उरलेत त्यांच्यापुढे आता ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे. जुने मॅप शुद्ध किंवा जेमतेम ५ टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर बसवलेले, ई२० ला तेवढ्याच हवेत ६ ते ८ टक्के जास्त पेट्रोल लागतं. क्रूझिंगला ट्रिम सांभाळून घेते, बूस्टमध्ये ओपन लूप (ऑक्सिजन सेन्सरकडे न बघता ठरलेल्या मॅपवर), तिथे कोणी सांभाळत नाही. ऑक्टेन ९५ झालंय ही जमेची बाजू, म्हणून काही जणांना वर्षभर काही जाणवलंच नाही. परत लॉग घेताना गेजचा आकडा लॅम्ब्डात (पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे ते) बघावा, फुल बूस्टला ०.८० च्या आसपास, कारण वाइडबँड मोजतं लॅम्ब्डाच आणि १४.७ ची पट्टी पेट्रोलच्या हिशोबाने नुसती छापलेली असते.